केदेवन: जुन्या आयरिश कवितेत उन्हाळा कसा येतो, आणि ती कविता वाचायची कशी

अर्धमात्रा

केदेवन म्हणजे १ मे, जुन्या आयरिश पंचांगातला उन्हाळ्याचा पहिला दिवस. या शब्दाने सुरू होणारी कविता आयरिश दंतकथांतला वीर फिन याच्या बालपणाच्या कथेत येते. बॉयन नदीकाठी फिनेगस नावाचा कवी फेकच्या डोहातल्या सामन माशासाठी सात वर्षं दबा धरून बसलेला असतो. तो मासा खाईल त्याला काहीच अज्ञात राहणार नाही, असं भाकीत असतं. मासा गळाला लागतो आणि देमने नावाच्या पोराकडे भाजायला दिला जातो. पोराचा अंगठा पोळतो, तो अंगठा तोंडात घालतो आणि ज्ञान त्याच्याकडे जातं. कवी त्याला फिन हे नाव देतो. पुढे फिन कवीला लागणाऱ्या तीन विद्या शिकतो आणि आपलं कवित्व सिद्ध करायला ही कविता रचतो.

हा शेवटचा भाग महत्त्वाचा. कथेतल्या जागेनुसार ही परीक्षेची कविता आहे. इंग्रजी भाषांतरांतून वाचणाऱ्याला ती एखाद्या भाबड्या निसर्गप्रेमीने कुरणात बसून केलेली वाटते. मुळात प्रत्येक ओळीत कारागिरी ठासून भरली आहे. दुसरं आणि तिसरं कडवं देवनागरीत देतो, उच्चार अंदाजे:

गाइरिद काई ख्रुअद देन,
इस फोखेन सव साइर;
सुदिद शिने शेर्व
इ मि केर्व काइल क्राइव.

केर्विद सव सुअल स्रुथ,
साइगिद ग्राइग लुअथ लिन;
लेथिद फोल्त फोदा फ्राइख,
फोर्ब्रिद कनख फन फिन.

अर्थ साधारण असा: दणकट कुकू हाक देतो, थोर उन्हाळ्याचं स्वागत असो, फांद्याफांद्यांचं रान ओरबाडणाऱ्या वादळाचा कडवटपणा तो शमवतो. उन्हाळा ओढा कापून बारीक करतो, चपळ घोडे पाण्याकडे वळतात. हीदर या माळावरच्या झुडपाचे लांब केस पसरतात, दलदलीतला नाजूक पांढरा कापूस वाढीला लागतो.

छंद, हस्तलिखित, पक्षी, पंचांग, ज्याला जे ठाऊक असेल ते इथे लिहा.

---

टिपणवही

छान विषय. दुसऱ्या कडव्यात मोजून प्रत्येक ओळीत पाच अक्षरं येतात. तिसऱ्यात पाच, पाच, सहा, सहा. मग छंद कोणता म्हणायचा? आणि 'साइर'चं 'क्राइव'शी यमक कसं जुळतं? र आणि व काही जुळत नाहीत.

---

अर्धमात्रा

दोन्ही प्रश्न कळीचे आहेत. पण सुरुवात या कवितेपासून करू नका, ती अवघड आहे. आधी तिची हिवाळी बहीण घ्या: 'श्केल लेम दूव', म्हणजे 'तुमच्यासाठी वार्ता आणली आहे'. चार कडवी, प्रत्येक ओळीत तीन अक्षरं, एवढीच. उन्हाळा सरल्याची ती कविता आहे. हरणाचा नर रेकतो, हिमाचा वर्षाव होतो, उन्हाळा गेला. दुसरं कडवं:

गाइथ अर्द उअर,
ईशेल ग्रिअन;
गर अ रिथ,
रुर्थेख रिअन.

वारा उंच आणि गार, सूर्य खाली, त्याची धाव तोकडी, समुद्र जोरात वाहतो.

मोजताना लघु-गुरूच्या भानगडीत पडू नका. अभंगात मोजतो तशी अक्षरं मोजायची, फक्त लिहिलेली नव्हे तर तोंडातून निघणारी. 'उअर', 'ग्रिअन', 'रिअन' हे जोडस्वर एकेकच धरायचे, म्हणजे प्रत्येक ओळ तिनावर येते. इथे नवशिक्याचा पाय हमखास घसरतो: छापलेल्या पानावर दोन स्वर शेजारी दिसले की तो दोन मोजतो. उलट काही फार जुन्या शब्दांत शेजारचे दोन स्वर खरोखरच वेगळे उच्चारले जात. पुढे ते एकात मिसळले. म्हणून एखाद्या कवितेत असा शब्द दोन अक्षरांचा धरल्याशिवाय ओळ भरत नसेल, तर ती कविता जुनी असल्याची ती एक खूण असते.

आता यमक. आयरिश यमकात शेवटचा स्वर तोच लागतो, व्यंजन मात्र तेच असायची गरज नाही, त्याच गटातलं असलं की पुरे. प, त, क यांचा एक गट. ब, द, ग दुसरा. फ, थ, ख हे घर्षक, म्हणजे हवा घासत निघणारे वर्ण, तिसरा. व, ध, घ यांसारखे मृदू घर्षक आणि साधे ल, न, र चौथा. दुहेरी ल्ल, न्न, र्र, पूर्ण म आणि ङ पाचवा. स एकटाच. 'साइर' आणि 'क्राइव' चौथ्या गटातले, म्हणून यमक पक्कं. 'श्केल लेम दूव'च्या शेवटच्या कडव्यात 'एन' आणि 'श्केल' यमकात येतात, तेही न आणि ल एका गटात असल्यामुळे. आपल्या कानाला ते सैल वाटतं, त्यांच्या कानाला ते नेमकं होतं. व्यंजन मृदू की कठोर, हेही जुळावं लागतं, पण तो पुढचा धडा.

अनुप्रासात आघात असलेल्या शब्दांचं पहिलं व्यंजन जुळतं, आणि आघात बहुतेक शब्दांत पहिल्या अक्षरावर असतो. स्वराने सुरू होणारा कुठलाही शब्द स्वराने सुरू होणाऱ्या कुठल्याही शब्दाशी जुळतो. वरच्या कडव्यात 'अर्द', 'उअर', 'ईशेल' हे तिन्ही एकमेकांशी अनुप्रासात आहेत. स्क, स्प, स्त हे मात्र फक्त स्वतःशीच जुळतात, नुसत्या स-शी नाही.

आता केदेवनकडे या. ओळ बहुतेक पाच अक्षरांची, कधी चार, कधी सहा. पण शेवटचा शब्द जवळजवळ नेहमी एकाक्षरी. देन, साइर, शेर्व, क्राइव, स्रुथ, लिन, फ्राइख, फिन. दुसऱ्या कडव्यात पहिल्या ओळीचं शेवटचं 'देन' दुसऱ्या ओळीच्या पोटातल्या 'फोखेन'शी जुळतं, तिसरीचं 'शेर्व' चौथीतल्या 'केर्व'शी. याला आयकिल म्हणतात. आणि सगळ्यात सुंदर भाग म्हणजे कडव्यांची साखळी. पहिलं कडवं 'गन'वर संपतं, दुसरं 'गाइरिद'ने सुरू होतं. दुसरं 'क्राइव'वर संपतं, तिसरं 'केर्विद'ने उघडतं. तिसरं 'फिन'वर, चौथं 'फुअबिर'ने. चौथं 'बिथ'वर, पाचवं 'बेरित'ने. शेवटच्या शब्दाचं आद्य व्यंजन पुढच्या कडव्याच्या पहिल्या शब्दाला हात देतं.

---

पोटमाळा

या साखळीचा उपयोग निव्वळ शोभेचा नाही. संपादकाला तीच तपासणीची फूटपट्टी. दोन कडव्यांमध्ये दुवा तुटला तर तिथे शंका घ्यायची: मधलं कडवं गळलं असेल, क्रम बदलला असेल किंवा लेखनिकाने पहिला शब्द सोपा करून टाकला असेल.

दुसरी फूटपट्टी म्हणजे दूनद. जुनी आयरिश कविता ज्या शब्दाने किंवा अक्षराने उघडते त्यावरच मिटते. केदेवनच्या अखेरीस चंडोल 'केदेवन' म्हणत गातो, पहिलाच शब्द परत येतो. त्यामुळे शेपूट तुटलेली नाही हे नक्की. 'श्केल लेम दूव'ही 'श्केल'वरच संपते. लेखनिक जागा वाचवायला दोन कविता सलग लिहीत, मधे ओळही सोडत नसत. तेव्हा कुठे एक संपली आणि दुसरी सुरू झाली, ते दूनद सांगतं.

हे सगळं लागतं कारण केदेवनची प्रत एकच आहे. ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयातलं लॉड मिसेलनी ६१०, दुसरीकडे कुठेच नाही. हे हस्तलिखित एडमंड बटलर या सरदारासाठी १४५३-५४ मध्ये लिहिलं गेलं. १४६२ मध्ये पिलटाउनच्या लढाईत बटलरचा पराभव झाला आणि त्याच्या सुटकेच्या खंडणीत हे पुस्तक डेझमंडच्या अर्लकडे गेलं. तशी नोंद हस्तलिखितातच आहे. पुस्तक देऊन सरदार सोडवून आणायचे, म्हणजे त्याची किंमत काय असेल बघा. नंतर ते आर्चबिशप लॉड यांच्या संग्रहातून बॉडलियनमध्ये आलं.

अडचण अशी की कविता या प्रतीपेक्षा कितीतरी शतकं जुनी आहे. पंधराव्या शतकातल्या लेखनिकाला बरेच शब्द कळलेले नाहीत. त्याने स्पेलिंग आपल्या काळाचं केलं, काही शब्द नुसते चित्रासारखे उतरवले. चौथ्या कडव्याची पहिली ओळ आणि मधल्या काही ओळी अजूनही वादात आहेत. म्हणून दोन छापील आवृत्त्या शेजारी ठेवल्या की मूळ पाठच वेगळा दिसतो. कूनो मायर यांनी ही कथा १८८२ मध्ये छापली आणि १९०३ मध्ये उन्हाळा-हिवाळ्याच्या चार कविता एकत्र काढल्या. जेरार्ड मर्फी यांचा पाठ १९५६ च्या संग्रहात आहे. मर्फी छंद बसवण्यासाठी दुरुस्त्या करतात आणि खाली हस्तलिखितातलं रूप देतात. ते खालचं रूप न वाचता वरच्या ओळीवरून सिद्धांत मांडणं ही या विषयातली सगळ्यात नेहमीची चूक. 'ही ओळ किती नेमकी पाच अक्षरांची आहे' असं कौतुक करताना ती पाच अक्षरं संपादकाने केलेली असू शकतात.

हिवाळी कविता कशी टिकली तेही मजेदार आहे. कोलम किले हा संत ५९७ मध्ये वारला. त्याच्यावरची स्तुतिकविता इतकी दुर्बोध की तिच्यावर शतकानुशतकं टीका लिहिली गेली. त्या टीकेत 'रिअन' म्हणजे समुद्र, हे दाखवायला उदाहरण म्हणून ही अख्खी कविता उतरवली. टीकाकाराला शब्दार्थ हवा होता, आपल्याला कविता मिळाली.

---

रानभैरी

छंदाचं तुम्ही बघा, मी प्राण्या-वनस्पतींचं बघते. यादी अगदी पक्की आहे, पण ती एका दिवसाची नाही.

पहिल्या कडव्यात काळे कस्तूर पूर्ण गाणं गातात, 'दिवसाची बारीकशी तिरीप असली तरी'. हा पक्षी आयर्लंडमध्ये बारमाही आहे, म्हणजे तो उन्हाळ्याबरोबर येत नाही. पहाटेच्या गाण्यात तो सगळ्यात आधी सुरू होणाऱ्यांपैकी आहे, सूर्य उगवायच्या बराच आधी, जेमतेम फटफटलं की. ओळ नेमकी तेच सांगते.

कुकू मात्र पाहुणा. आफ्रिकेत हिवाळा काढून एप्रिलच्या मध्यापासून पुढे पोचतो. त्याला मराठीत कोकीळ करून टाकू नका. आपला कोकीळ कावळ्याच्या घरट्यात अंडी घालतो, चढत्या सुरात ओरडतो आणि आपल्याकडे वसंताची सगळी शृंगारिक सामग्री सोबत घेऊन येतो. हा कुकू दोन सुरांत हाक देतो आणि आयर्लंडमध्ये मुख्यतः कुरणातल्या चरचरी पक्ष्याच्या घरट्यात अंडी घालतो. कवितेत त्याचं विशेषण 'दणकट' आहे, 'मधुर' नाही.

पुढे 'त्राग्ना' येतो. हा गवतात दडून राहणारा पाणकोंबडीच्या कुळातला पक्षी, शास्त्रीय नाव क्रेक्स क्रेक्स, आणि आवाजही तोच, कंगव्याच्या दातांवरून नख फिरवल्यासारखा, रात्रभर. कवी त्याच्यासाठी 'बोलतो' हे क्रियापद वापरतो, आणि त्याला खंबीर भाट म्हणतो. लगेच पुढच्या ओळीत धबधबा मात्र 'गातो'. ज्याने त्राग्नाचा आवाज ऐकला आहे त्याला यातली थट्टा लगेच कळेल. आज हा पक्षी आयर्लंडच्या पश्चिमेकडची बेटं आणि किनारपट्टी एवढ्यातच उरला आहे. यंत्राने लवकर गवत कापायला लागल्यापासून घरटी कापणीत जातात.

मधमाश्यांची ओळ बघा: ताकद थोडी, पण फुलांवरून खुडलेलं ओझं पायांवर नेतात. परागाच्या टोपल्या मागच्या पायांवर असतात, कवीने ते पाहिलं आहे. मधमाश्या तिथे कायद्याचाही विषय होत्या. सातव्या शतकातला 'बेखब्रेथा' हा मधमाश्यांवरचा स्वतंत्र कायदेग्रंथ आहे. माश्या शेजाऱ्याच्या जमिनीवर चरतात, म्हणून शेजाऱ्याला मधात नि थव्यात वाटा किती, हे त्यात ठरवलं आहे.

आता वेळापत्रक. दलदलीतला कापूस, जो खरं तर कापूस नसून पाणथळीतलं लव्हाळ्यासारखं गवत आहे, मे-जूनमध्ये पांढरे गोंडे धरतो. पिवळा आयरिस, ज्याला कविता सोन्याचा म्हणते, मेच्या अखेरीस आणि जूनमध्ये फुलतो. हीदर मेमध्ये फुलत नाही. त्याचे 'लांब केस पसरतात' म्हणजे कोवळी वाढ होते, फुलं नाहीत. काही भाषांतरांत तिथे जांभळा रंग ओतलेला असतो, तो भाषांतरकाराचा. थोडक्यात १ मे रोजी उभं राहून हे सगळं दिसणार नाही. कवीने जवळजवळ दोन महिन्यांचा माल एका दिवसाच्या नावाखाली बांधला आहे.

---

टिपणवही

रानभैरी, प्रतिसाद फार आवडला. पण १ मेला उन्हाळा सुरू हे पचत नाही. तिथे मेमध्ये तापमान काय असतं?

---

घाटवाट

डब्लिनला मेमध्ये दिवसाचं कमाल तापमान सरासरी १४-१५ अंशांच्या आसपास. आपल्या व्याख्येने तो उन्हाळा नव्हेच. तिथे मोजमाप उष्णतेचं नाही, उजेडाचं आणि चाऱ्याचं आहे. डिसेंबरच्या अखेरीस दिवस साडेसात तासांचा असतो, १ मेला सुमारे १५ तासांचा. दुप्पट.

वर्षाचे दोनच मोठे तुकडे होते. बेल्तेने, म्हणजे १ मे, ते सावन, म्हणजे १ नोव्हेंबर, हा उन्हाळा, उरलेला हिवाळा. आयरिश वीरकथांचा नायक कू खुलन याने एवेरला मागणी घातली त्या कथेत हे स्पष्ट सांगितलं आहे. चार ऋतूंची विभागणीही होतीच, त्यात मे-जून-जुलै हा उन्हाळा. बरेच आयरिश लोक आजही तो असाच मोजतात. आणखी एक तपशील: ही तारीख जुलियन पंचांगातली. नवव्या शतकातला १ मे म्हणजे आजच्या पंचांगाचा ५ मे. फरक लहान आहे, पण कुकू नि गवताच्या बाबतीत चार दिवसही दिसतात.

बेल्तेनेला काय व्हायचं? ९०० च्या सुमाराच्या, कॅशेलचा राजा आणि बिशप कोर्माक याच्या नावावर असलेल्या शब्दकोशात नोंद आहे: द्रुइड, म्हणजे जुन्या धर्माचे पुरोहित, मंत्र म्हणत दोन आगट्या पेटवत आणि वर्षभराच्या रोगांपासून रक्षण व्हावं म्हणून गुरं त्यांच्यामधून हाकत. त्यानंतर गुरं डोंगरावरच्या उन्हाळी कुरणांवर जायची. पाचव्या कडव्यात 'डोंगर गुरांना घेऊन जातो' अशी ओळ आहे. तिला कल्पनाविलास समजू नका, ती कामाची नोंद आहे. डोंगरावरच्या त्या तात्पुरत्या वस्तीला बुआले म्हणत. गावाजवळच्या शेतात पीक उभं असताना गुरं लांब ठेवायची आणि वर मिळणाऱ्या ताज्या गवतावर दूध वाढवायचं, असा दुहेरी हिशोब.

आणि ही कविता फिनच्या तोंडी का, याचं उत्तरही इथेच आहे. सतराव्या शतकात इतिहासकार जेफ्री कीटिंग परंपरा सांगतो की फिनचे फियन्ना, म्हणजे रानोमाळ फिरणारी लढवय्यांची टोळी, सावनपासून बेल्तेनेपर्यंत लोकांच्या घरी मुक्कामाला असत आणि बेल्तेनेपासून सावनपर्यंत शिकारीवर जगत. म्हणजे १ मे हा त्यांचा घराबाहेर पडायचा दिवस. कवितेत शेवटाकडे घोडे पळवायची अनावर ओढ येते ती उगाच नाही.

याच अंगाने दुसरा पुरावा. अथिर्ने नावाच्या कवीच्या पाहुणचाराची एक लहानशी कथा आहे, बाराव्या शतकातल्या लेन्स्टरच्या पोथीत ती सापडते. अथिर्ने आपल्या शिष्याकडे, अवर्गेनकडे, येतो. शरदात निघायला लागतो तर शिष्य शरदावर कडवं म्हणतो: मुक्कामाला उत्तम ऋतू, जाऊ नका. हिवाळ्यात पुन्हा निघतो, हिवाळ्यावर कडवं: काळोखा ऋतू, वादळं, कुठे जाता. वसंतात पुन्हा तेच: गारठा अजून बोचतोय. शेवटी उन्हाळा येतो आणि शिष्य म्हणतो, लांबच्या प्रवासाला हा चांगला ऋतू. मग गुरू निघतो. चार ऋतूंची चार कडवी, आणि सगळ्यांत प्रश्न एकच: बाहेर पडता येईल की नाही? अथिर्ने इतर कथांमध्ये अतोनात मागण्या करणारा, कुणालाही नकोसा पाहुणा म्हणून बदनाम आहे, हे माहीत असलं की शिष्याचा आग्रह आणखी रंगतो.

---

पोटमाळा

घाटवाट, अथिर्नेची आठवण छान काढलीत. +१

वसंताचं कडवं मुद्दाम वाचा. तिथला वसंत फेब्रुवारी-मार्च-एप्रिल असा असतो, त्यामुळे 'वसंत' म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर जे येतं त्यातलं जवळजवळ काहीच नसतं. आपण ज्या गोष्टी वसंताला देतो त्या ही मंडळी उन्हाळ्याला देतात.

---

टिपणवही

एक शंका. बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं की या कविता रानात एकांतात राहणाऱ्या साधूंनी लिहिल्या. केदेवनलाही ते लागू होतं का?

---

पोटमाळा

नाही. केदेवनमध्ये देवाचा उल्लेख नाही, प्रार्थना नाही, कुटी नाही. तिची चौकट फिनकथेची आहे.

साधूंच्या नावावर चढवल्या गेलेल्या कवितांबद्दलही सावध राहा. सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण स्वित्झर्लंडमधल्या सांक्ट गालेनच्या मठातलं. तिथे ९०४ क्रमांकाचं हस्तलिखित म्हणजे प्रिस्कियनचं लॅटिन व्याकरण, नवव्या शतकाच्या मध्यातलं, आयरिश टीपांनी गजबजलेलं. दोन पानांच्या तळाशी दोन कडवी आहेत: झाडांचं कुंपण माझ्याभोवती, काळा कस्तूर मला गाणं ऐकवतो, रेघा मारलेल्या माझ्या पुस्तकावर पक्ष्यांचा किलबिलाट, करड्या अंगरख्यातला कुकू झुडपांच्या शेंड्यांवरून गातो, प्रभू माझ्यावर कृपा करो, रानाच्या सावलीत लिहिणं किती छान. हे लिहिणारा माणूस लॅटिन व्याकरणाचा अभ्यासक आहे, त्याच्याकडे आखलेलं चर्मपत्र आहे. दोनख ओ कोरान यांनी १९८९ मध्ये नेमका हाच आक्षेप घेतला: या कविता एकांतवासी साधूंच्या दैनंदिनी नाहीत, शिकलेल्या, मठांत रुळलेल्या साहित्यिकांची रचना आहे. मला तो पटतो. बाहेर बसून लिहिलं असेलही एखाद्या दुपारी, पण त्यावरून माणूस वनवासी ठरत नाही.

---

अर्धमात्रा

काळाचा वाद राहिला. कथेचं गद्य साधारण बाराव्या शतकातलं मानतात. कविता त्याहून जुनी, याबद्दल मतभेद नाही. किती जुनी, यावर आहे. मर्फी यांनी ती नवव्या शतकाच्या आसपास ठेवली. जेम्स कार्नी यांनी १९७१ मध्ये वेगळीच बाजू मांडली: ओळींत अक्षरं चार, पाच, सहा अशी हलतात, कारण कवी अक्षरं मोजतच नव्हता, आघात मोजत होता. आघातांवर चालणारा छंद हा अक्षरछंदापेक्षा जुना थर, म्हणून कविता बरीच आधीची.

हे स्वतः तपासता येतं. तिसरं कडवं घ्या आणि आघात असलेले शब्द मोजा: केर्विद, सव, सुअल, स्रुथ. चार. साइगिद, ग्राइग, लुअथ, लिन. चार. लेथिद, फोल्त, फोदा, फ्राइख. चार. फोर्ब्रिद, कनख, फन, फिन. चार. अक्षरं ५-५-६-६, आघात ४-४-४-४. पण लगेच उड्या मारू नका. दुसऱ्या कडव्यात 'इस फोखेन सव साइर'मध्ये तीनच पूर्ण आघात निघतात आणि 'इ मि केर्व काइल क्राइव'मध्येही तीन. म्हणजे नुसत्या आकड्याने दावा सिद्ध होत नाही. कुठला आघात दुय्यम धरायचा, इथेच खरी ओढाताण आहे. माझं मत कार्नींच्या बाजूला झुकतं ते छंदापेक्षा शब्दांमुळे: वाक्यं जोडणारे शब्द जवळजवळ नाहीत, नामामागे विशेषण, क्रियापद आधी, सगळं हाडाला चिकटलेलं. अर्थात जुनाट शैली मुद्दाम आणणारे कवीही असतात.

---

टिपणवही

मूळ पाठ घेऊन बसायचं तर कुठून नि कसं? आयरिश येत नाही असं धरून सांगा.

---

पोटमाळा

पाठ कॉर्कच्या विद्यापीठाच्या सेल्ट या संकेतस्थळावर आहे, कथेसकट. हस्तलिखिताचे फोटो बॉडलियनच्या डिजिटल संग्रहात मोफत दिसतात. इतर बऱ्याच आयरिश पोथ्यांसाठी डब्लिनच्या प्रगत अध्ययन संस्थेचं आयरिश स्क्रिप्ट ऑन स्क्रीन. कोश म्हणजे ईडिल, रॉयल आयरिश अकादमीच्या मोठ्या कोशाची ऑनलाइन आवृत्ती. तो मोठा कोश १९१३ ते १९७६ एवढा काळ छापला जात होता.

कोशात शब्द सापडत नाही ही पहिल्या आठवड्याची तक्रार असते. कारण शब्दाचं डोकं बदललेलं असतं. ब-च्या आधी म, द किंवा ग-च्या आधी न लिहिलेला दिसला तर तो पहिला वर्ण काढा आणि उरलेला शब्द शोधा. क, प, त यांच्यामागे ह असेल तर ह काढा. स्वराच्या आधी आडवी रेघ देऊन न जोडला असेल तर तोही काढा. धबधब्याच्या ओळीत 'नार्द नुअग' असं दिसतं, शोधायचं 'अर्द' आणि 'उअग'. क्रियापदाआधी सुटं 'रो' असेल तर ते पूर्णभूताची खूण, शब्दाचा भाग नाही. हिवाळी कविता या 'रो'ने भरलेली आहे, कारण तिथे सगळं घडून गेलेलं आहे. केदेवनची क्रियापदं मात्र मुख्यतः वर्तमानकाळी: हाक देतो, कापतो, पसरतात, नेतात. दोन्ही शेजारी ठेवून फक्त क्रियापदांखाली रेघा मारा, हा पहिला स्वाध्याय.

दुसरी चूक: आधुनिक आयरिश कोशात शोधणं. 'सव' आज 'साउरा'सारखा उच्चारला जातो आणि त्याला शेपूट जोडलेलं असतं. बाकीचे निम्मे शब्द तर भाषेतून गेलेत.

---

रानभैरी

मराठीत आणताना तीन अक्षरांची ओळ जमते का, हा माझा जुना किडा. वरचं हिवाळी कडवं, उच्चारातली अक्षरं मोजून, एकाक्षरी शेवट ठेवून:

वारा उंच,
सूर्य खोल;
छोटी वाट,
लाटा लोल.

यात 'गार' गळला, तो कुठे बसवता येईना. स्वरांचा अनुप्रासही गेला.

---

अर्धमात्रा

झकास. 'गार' गेला तरी चालेल, 'लाटा लोल'मध्ये 'रुर्थेख रिअन'चा अनुप्रास आला. केदेवन असं करायला बसाल तर आधी साखळी ठरवा: कडव्याचा शेवटचा शब्द कोणत्या व्यंजनाने सुरू होतो ते पक्कं करून मगच पुढचं कडवं लिहा. अर्थ आधी उतरवून मागाहून साखळी घालायला गेलं की प्रत्येक कडवं दोनदा मोडावं लागतं.

---

घाटवाट

अवांतर नाही, शेजारचं: वेल्श भाषेत याच शब्दाची बहीण आहे, किंतेविन, अर्थ तोच, उन्हाळ्याचा आरंभ. कार्मार्थनची काळी पोथी, साधारण १२५० ची, आता अ‍ॅबरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. तिच्यात 'किंतेविन, सगळ्यात देखणा काळ' अशी सुरू होणारी कविता आहे. पक्ष्यांचा गलका, हिरवं रान, तासात नांगर, जुवाखाली बैल, हिरवा समुद्र, रंगीबेरंगी जमीन. उघडणी दोन्हींची जवळजवळ एकच, म्हणजे सूत्र समाईक असावं. पुढे मात्र वाटा फुटतात. वेल्श कवितेत झाडांच्या शेंड्यावर कुकू ओरडला की दुःख वाढतं, कारण आप्त गेलेले आहेत, आणि शेवट धर्माकडे वळतो. आयरिश कवितेत एकही मेलेला माणूस नाही. माणसंच फारशी नाहीत.

---

टिपणवही

वेल्श कवितेतही साखळी आणि दूनद असतात का?

---

घाटवाट

दूनदचा नियम आयरिश शाळेचा, वेल्शमध्ये तसा बंधनकारक नाही. या कवितेत एकच अंत्ययमक सलग बऱ्याच ओळी चालतं, कडव्यांचं चौकोनी बांधकाम नाही. त्यामुळे पोटमाळांची फूटपट्टी तिथे लावू नका. गळलेली ओळ यमकावरून कळणार नाही, ती अर्थावरूनच शोधावी लागते.